आज्ञा न करणारा प्रेषित

पाठासाठी वाचन : फिलेमोनास पत्र, वचने १ ते २५

हे पत्र इतके लहान आहे की पुष्कळदा आपण ते ओलांडून सरळ इब्री लोकांस पत्राकडे जातो. पण सद्गुण कोठून निघतो हे शिकवायला शब्बाथशाळेच्या शिक्षकांना याहून चांगला पाठ मिळणे कठीण, असे आम्हांस वाटते.

प्रसंग माहीत आहेच. फिलेमोनाचा दास अनेसिम धन्यापासून दूर गेला, बंदिवान पौलाला भेटला व ख्रिस्ताचा झाला. आता पौल त्याला परत पाठवीत आहे. रोमी कायद्याने अशा दासाला कठोर शिक्षा करण्याचा धन्याला अधिकार होता. आपण असतो तर सरळ हुकूम सोडला असता! तसा अधिकार आपल्याला आहे हे पौल आठव्या वचनात बोलून दाखवितो, आणि लगेच तो बाजूला ठेवून विनंती करतो. कारण चौदाव्या वचनात आहे : फिलेमोनाचे चांगले कृत्य भाग पाडल्यासारखे नसावे, खुशीचे असावे.

ही खुशी यायची कोठून? मूळ ग्रीकमध्ये स्प्लांख्ना, म्हणजे आतडी, हा शब्द सातव्या, बाराव्या व विसाव्या वचनांत आहे. आपण 'आतडे तुटते' म्हणतो, तोच भाव. फिलेमोनाने पवित्र जनांची आतडी आधीच निवविली आहेत. अनेसिम तर पौलाचे आतडेच. तेव्हा माझेही निवव, अशी ही विनवणी आहे. पौल नवा नियम घालून देत नाही. अंतःकरणात असलेली प्रीतीच आता दासापर्यंत पोचायची आहे.

कोणी म्हणेल, पत्र घरी जमणाऱ्या मंडळीलाही लिहिलेले आहे. मग भीड पडली नसेल काय? पडली असेल. तरी निर्णय फिलेमोनाच्याच हाती राहिला.

आपल्याकडे सुगीच्या सणाला देणग्यांची यादी नावानिशी वाचली की आकडा वाढतो, हे प्रत्येक पंच कमिटीला ठाऊक आहे. वर्गातही तेच. भांडलेल्या दोन मुलांना दरडावून क्षमा मागायला लावले तर हात मिळतात, एवढेच. त्याऐवजी एकाला जवळ घेऊन विचारावे, "त्याच्या जागी तू असतास तर?" आणि थांबावे. उत्तर पुढच्या रविवारी आले तरी चालेल. हे थांबणेच आपल्याला जड जाते.

फिलेमोनाने पुढे काय केले ते पत्रात नाही. पाठ घेताना शेवट आपण जोडू नये. मुलांनाच विचारावे : अनेसिम दारात उभा आहे, पत्र वाचून झाले आहे, धनी काय म्हणाला असेल?