आजीची बाळंतपणं सोपी होती का?

प्रश्न : आमच्या आजीची अकरा बाळंतपणं घरातच झाली. ‘पहिलंच काय ते अवघड, मागची झटक्यात होतात,’ असं ती म्हणायची. शेवटच्या खेपेला तर कापूस वेचून आली आणि सुईण पोचायच्या आत मोकळी झाली. मग आता पाचव्या-सहाव्या खेपेच्या बाईला ‘अतिजोखमीची माता’ का म्हणतात?
— एक वाचक, पेडगाव (जि. परभणी)

उत्तर : आजी खरंच सांगत होती. पहिलटकरणीला कळा बराच वेळ सोसाव्या लागतात, पुढच्या खेपांना पिशवीचं तोंड लवकर उघडतं. पण लवकर सुटका झाली म्हणजे धोका टळला, हे आपण त्यात पदरचं घालतो. बऱ्याच खेपा झालेल्या बाईची खरी परीक्षा बाळ रडल्यावर सुरू होते, नेमकी घरातल्यांचं लक्ष बाळाकडे वळलेलं असताना.

नवव्या महिन्यात पिशवीतून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त फिरत असतं. वार सुटली की तिच्या जागी रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. ती बंद करण्याचं मुख्य काम पिशवीचे स्नायू करतात. आवळून घट्ट गोळा झाले की वाहिन्या दाबल्या जातात. पुन्हा पुन्हा ताणलेली पिशवी कधीकधी अशी आवळत नाही, सैल राहते. मग अंगावरून इतकं रक्त जातं की बाई दोन तासांतही दगावू शकते.

त्यात ती आधीच अशक्त असेल तर संपलंच. एका गरोदरपणाला साधारण एक ग्रॅम लोह लागतं. अंगावरचं मूल सुटायच्या आत पुन्हा दिवस गेले, तर सावकाराच्या वहीसारखी मागची बाकी पुढच्या पानावर चढत जाते. दुसरी बाई जेवढा रक्तस्राव निभावून नेईल, तेवढ्यात ही कोसळते. म्हणून बाळ झाल्यावर किमान दोन वर्षं पुढचा विचार नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पोट सैल पडल्याने बाळ आडवं येणं, वार खाली असणं, वाढत्या वयाबरोबर येणारा रक्तदाब आणि साखर, हेही आहेच. शिवाय ‘अंग बाहेर येणं’. कित्येक आज्यांनी ते लुगड्याआड लपवून वीस-वीस वर्षं शेतात कामं केली आणि लाजेपायी दवाखान्याचं नाव काढलं नाही. तुमच्या आजीनेही नातवाला ते सांगितलं नसतं.

आणखी एक. ज्या बायका आठव्या-नवव्या खेपेला दगावल्या, त्या आजी झाल्याच नाहीत. सोप्या बाळंतपणाच्या गोष्टी आपण ऐकतो त्या वाचलेल्यांच्या.

पैसा असून भागत नसे. मुमताज महल १६३१ मध्ये बऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात गेली. तिच्या चौदा मुलांपैकी सातच जगली. बादशहाच्या पदरी हकीम होते, पण पिशवी आवळणारं ऑक्सिटोसिनचं साधं इंजेक्शन नव्हतं. आज बाळ जन्मताच ते दिलं जातं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेही आईवडिलांचं चौदावं अपत्य. आई भीमाबाई गेल्या तेव्हा ते जेमतेम पाच वर्षांचे होते. पुढे त्यांच्या आणि रमाबाईंच्या पाच मुलांपैकी एकटे यशवंत वाचले. संततिनियमनाच्या प्रचाराचा ठराव त्यांच्या पक्षातर्फे १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत मांडला गेला आणि फेटाळलाही गेला. र. धों. कर्व्यांनी तर १९२१ मध्येच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. त्याबद्दल लोकांच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

आता काळ बदलला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका बाईमागे सरासरी १.७ मुलं आहेत. पण सरासरीत सगळे मावत नाहीत. २०१९ मध्येच तुमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावकडच्या एका अडतीस वर्षांच्या बाईच्या विसाव्या गरोदरपणाची बातमी देशभर गाजली. हयात मुलं अकरा, आणि आधीची बाळंतपणं घरीच झालेली. बातमी नवलाची म्हणून छापली गेली. मला त्यात नवल दिसलं नाही. इतक्या खेपांत तिच्यापर्यंत कोण पोचलं, एवढंच विचारावंसं वाटलं.

मुलं वाढवण्याचं ओझंही एकट्या आईवर नसतं. मोठ्या खटल्यात थोरली मुलगी आठव्या-नवव्या वर्षीच धाकट्याला कडेवर घेते आणि तिची शाळा सुटते. घर ऊसतोडीला जाणारं असेल तर सुटलेली शाळा पुन्हा धरणं आणखी कठीण.

तुमच्या घरात किंवा गल्लीत अशी चौथ्या-पाचव्या खेपेची बाई असेल, तर आशाताईला आत्ताच सांगा. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर गोळ्यांच्या भरवशावर बसू नका, परभणीला मोठ्या दवाखान्यात न्या. बाळंतपणही जिथे रक्त मिळेल तिथेच करा. ‘झटक्यात’ होणारं बाळंतपण वाटेतच होतं. म्हणून कळांची वाट न पाहता आधी जाऊन राहा. बाळंतपणानंतर दोन दिवस तरी घरी यायची घाई नको.

आणि पुढचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन तिनेच करावं असं कुठे आहे? राज्यात निम्म्याच्या आसपास विवाहित बायकांनी ते करून घेतलंय. पुरुष शंभरात एकही नाही. पुरुषाचं बिनटाक्याचं असतं, तो त्याच दिवशी चालत घरी येतो. फक्त पुढे तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून घ्यायचं.