सातबारा बाईच्या नावावर, म्हणून हप्ता कमी?

प्रश्न : आम्ही दोघी जावा, रेशनकार्डं वेगळी. दोघींनाही ‘लाडकी बहीण’ लागू आहे. जावेच्या खात्यात महिन्याला 1500 रुपये येतात, माझ्या खात्यात 500. वाटणीत जमीन सारखीच आली. फक्त आमचा सातबारा माझ्या नावावर आहे. मग हा फरक का?
— एक वाचक भगिनी, कऱ्हाटी (ता. बारामती)

उत्तर : ताई, फरक सातबाऱ्यामुळेच पडला आहे. जून 2024 मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री आणि तुमच्या बारामतीचे तेव्हाचे आमदार अजित पवार यांनी ही योजना जाहीर केली. तिची एक अट अशी : दुसऱ्या सरकारी योजनेतून बाईला महिन्याला 1500 किंवा जास्त मिळत असतील तर लाभ नाही; कमी मिळत असतील तर फक्त फरकाची रक्कम.

पीएम किसानचे वर्षाला 6000 आणि नमो शेतकरीचे 6000 तुमच्या नावावर जमा होतात. म्हणजे महिन्याला 1000. ते वजा जाता उरले 500. जावेच्या घरी हेच 12,000 दिरांच्या खात्यात जातात, त्यामुळे तिचे 1500 शाबूत राहतात. वर्षाकाठी तिच्या घरात 30,000 येतात, तुमच्या घरात 18,000. एप्रिल 2025 मध्ये राज्यात अशा 500 रुपये घेणाऱ्या सुमारे पावणेआठ लाख बहिणी होत्या.

हिशेब नियमाला धरून आहे, पण नियम न्यायाचा नाही. किसानचे पैसे बी-बियाण्यासाठी, खतासाठी. लाडक्या बहिणीचे तिच्या आरोग्यासाठी, पोषणासाठी. जिरायत रानात पेरणीला घातलेला पैसा बाईच्या हातखर्चात कसा धरायचा? ब्रिटनमध्येही 2013 पासून कामाच्या वयातल्या कुटुंबांच्या एकूण सरकारी मदतीला कमाल मर्यादा आहे. पण अपंगत्वाचा भत्ता घेणाऱ्या घराला ती लागत नाही. कोणता पैसा कशासाठी, हे तिथे निदान काही बाबतींत पाहिलं जातं. आपल्याकडे शासनानेच 1992 मध्ये लक्ष्मीमुक्ती योजना आणून बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायला उत्तेजन दिलं. ज्या घरांनी ते मनावर घेतलं, त्यांनाच आता कात्री लागते आहे.

एक कळकळीची विनंती : महिन्याच्या 1000 रुपयांपायी जमीन नवऱ्याच्या नावावर करू नका. योजना येतात-जातात, सातबाऱ्यावरचं नाव हा तुमचा हक्क आहे. किसानचे हप्ते नियमित जमा होतात ना, तेवढं पासबुकात पाहा. ते थांबले असतील आणि तरी 500च येत असतील, तर तालुक्याच्या कृषी कार्यालयात आणि महिला व बालविकास कार्यालयात लेखी तक्रार द्या. आणि येत्या ग्रामसभेत ठराव मांडा : शेतीची मदत या मर्यादेत धरू नये.