गारपीट, मोटारीची काच आणि विमा

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने विदर्भ व मराठवाड्यातील रब्बी पिकांची केलेली हानी सर्वांच्या स्मरणात आहे. बाभुळगावसारख्या तालुक्यात गारा पडल्या की शेतांचे व घरांचे पंचनामे सुरू होतात. अशा वेळी काच फुटलेल्या मोटारीचा मालकही पंचनाम्याची मागणी करतो. परंतु राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत मोटारीच्या नुकसानीचा समावेश नाही. ही भरपाई केवळ विम्यातूनच मिळू शकते.

तीही प्रत्येक विम्यातून नव्हे. मोटार वाहन अधिनियम, 1988 अन्वये सक्तीचा असलेला विमा हा त्रयस्थ व्यक्तीच्या हानीपुरता आहे. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीसाठी तो एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, आणि येथेच अनेकांचा गैरसमज होतो. मुदत शिल्लक दिसते, म्हणून संरक्षणही असेल असे मालक धरून चालतो. प्रत्यक्षात स्वतःच्या वाहनाच्या हानीचा भाग पहिल्या वर्षानंतर नूतनीकरणाअभावी संपलेला असू शकतो. गारपीट, वादळ, पूर ही संकटे याच भागात मोडतात. सप्टेंबर 2019 पासून हा भाग स्वतंत्रपणेही घेता येतो.

काचेच्या बाबतीत नियम ग्राहकाला अनुकूल आहे. प्लॅस्टिक व रबराच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो. काचेवर मात्र घसारा नाही. म्हणजे जुन्या मोटारीच्या नव्या काचेचीही पूर्ण किंमत धरली जाते, काचेभोवतीच्या रबराची निम्मीच. त्यातून 1500 सी.सी.पर्यंतच्या खासगी मोटारीसाठी प्रचलित असलेली 1000 रुपयांची सक्तीची वजावट होते.

तरीही दावा करणे नेहमीच हिताचे असते असे नाही. दावारहित वर्षांबद्दल स्वहानीच्या हप्त्यात 20 पासून 50 टक्क्यांपर्यंत सवलत मिळते. एका दाव्याने ती सहसा शून्यावर येते. समजा, मूळ हप्ता 8000 रुपये व सवलत 50 टक्के आहे. तर पुढील एकाच वर्षी 4000 रुपये अधिक भरावे लागतील, आणि सवलत पुन्हा त्या पायरीवर येण्यास पाच वर्षे जातील. केवळ एक काच तडकली असेल, तर हा हिशेब आधी मांडावा. टप, बॉनेट व काच असे एकत्रित नुकसान असल्यास दावा करण्यास हरकत नाही.

गारा तासाभरात वितळतात. म्हणून त्या वाहनावर व जमिनीवर असतानाच छायाचित्रे काढावीत, कंपनीला लगेच कळवावे आणि सर्वेक्षकाने पाहणी करेपर्यंत काच बदलू नये. दावा नाकारला गेल्यास कारणे लेखी मागावीत. कंपनीकडे केलेल्या तक्रारीचे महिनाभरात उत्तर न आल्यास अथवा ते असमाधानकारक वाटल्यास विमा लोकपालाकडे अर्ज करता येतो. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.