आधी चेन, मग कंट्रोलर

नांदेड काय, लातूर काय, सायकलला मोटर बसवून घ्यायला आलेला माणूस आधी वॅट विचारतो. ‘पाचशेची घेऊ का साडेसातशेची?’ चेनीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. चाकात बसणारी हब मोटर असेल तर ते खपून जातं. ती चाक परस्पर फिरवते, चेनीवर फक्त पायांचा भार. क्रँकपाशी बसणाऱ्या मधल्या मोटरीचं तसं नाही. तिचा आणि तुमच्या पायांचा सगळा जोर एकाच चेनीतून मागच्या चाकाला जातो. गिअर टाकून चढ चढता येतो तो त्यामुळंच, आणि चांगली चेन बघता बघता खलास होते तीही त्यामुळंच. ही किट बसवता-काढताना जे हाताला लागलं ते सांगतो.

१. चेनीवर ताण किती येणार, ते एकदा कागदावर मांडा. तोंगशेंगच्या टीएसडीझेड२ सारख्या मोटरीचा जोर ८० न्यूटन-मीटर सांगतात. पुढचं चेनव्हील ४२ दात्यांचं असेल तर एवढ्या जोरानं चेनीवर साधारण ९५ किलोची ओढ येते. तेच ३२ दात्यांचं बसवलं की ओढ सव्वाशे किलोवर जाते. पायांचा जोर वेगळाच. चढासाठी पुढचं चेनव्हील लहान करून मागणारे खूप भेटतात. मी त्यांना मागची चकती मोठी घ्यायला लावतो. पुढं ३२ मागं २६, किंवा पुढं ४२ मागं ३४, चाकाला मिळणारा जोर जवळपास तोच. चेनीवरचा ताण मात्र दुसऱ्या जोडीत पाव हिश्शानं कमी. मागची ११ दात्यांची चकती तर मोटरवाल्या सायकलला नकोच. थोड्याच दात्यांवर सगळा भार येतो, ते टोकदार होतात आणि मग जोर लावला की चेन दाते सोडून उडते.

२. गिअर जितके जास्त, तितकी चेन बारीक. दोन पिनांमधलं अंतर सगळ्या चेनींचं अर्धा इंचच असतं, फरक रुंदीत. सहा-सात-आठ गिअरची चेन बाहेरून साधारण सात मिलिमीटर, अकरा गिअरची साडेपाचच्या आसपास. नवी असताना बारीक चेनही ताण सोसते, त्याबद्दल तक्रार नाही. पण धुळीत आणि तिरक्या ओढीत ती लवकर झिजते आणि बदलायची तर खिसा मोकळा होतो. सात गिअरची चेन आणि १४-२८ दात्यांचं फ्रीव्हील आपल्याकडच्या दुकानात मागितलं की मिळतं. अकराचं सामान मागवावं लागतं आणि तोवर सायकल भिंतीला टेकून. गिअरची गरजच नसेल, रोज सपाटीवरच फिरायचं असेल, तर साध्या सायकलची रुंद चेन घाला. तिच्याइतकी बिनतक्रार चेन नाही.

३. चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, पण पट्ट्या ताणत नाहीत; पिना आणि बुश झिजतात आणि प्रत्येक सांध्यात थोडी थोडी ढिलाई साठते. ती मोजायला पोलादी पट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा, चेन ताठ ठेवा आणि बारा इंचांवर बघा. नव्या चेनीची पिन बरोबर बाराच्या रेघेवर येते. पिन अर्धा सूत पुढं गेली की चेन काढा, ती चालत असली तरी. पूर्ण एक सूत गेली असेल तर फ्रीव्हीलही तिच्याच मापानं झिजलेलं असतं. त्यावर नवी चेन घातली की ती पहिल्याच चढाला सटकते आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘नवी टाकली तरी चेन टिकंना गेलीय!’ अर्ध्या सुतावर बदललं तर चेनीच्या पैशात भागतं.

४. कंट्रोलर घेताना अँपिअर बघा. बॅटरीचे व्होल्ट गुणिले कंट्रोलरचे अँपिअर, एवढा सगळा खेळ. ३६ व्होल्टला ७ अँपिअर म्हणजे अडीचशे वॅट. ४८ला १५ म्हणजे सातशे वीस, आणि ४८ला २५ म्हणजे बाराशे. ही झाली बॅटरीतून ओढली जाणारी वीज. कंट्रोलरमधले मॉसफेट अँपिअरच्या वर्गाच्या हिशोबानं तापतात, म्हणजे १५चे २५ केले की उष्णता पावणेतीन पट. म्हणून कंट्रोलर वरच्या क्षमतेचा घ्यावा आणि मर्यादा खाली बांधावी. २५चा कंट्रोलर १२-१४वर चालवला तर तो थंड राहतो आणि चेनही वाचते. पोरं ही मर्यादा मोबाइलवरून किंवा केबल जोडून परत वर नेतात, ते वेगळं.

यात कायद्याचाही मुद्दा आहे. मोटरीची अर्ध्या तासाची क्षमता २५० वॅटच्या आत, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत असेल, तरच केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ती सायकल मोटारवाहन ठरत नाही. त्यापुढं नोंदणी, लायसन, विमा सगळं आलं. साडेसातशेची मोटर लावून सायकल समजत फिरणाऱ्यांना अपघात झाल्यावर हा नियम कळतो.

५. सुरुवात हळू हवी. थांबलेली सायकल वरच्या गिअरमध्ये असताना थ्रॉटल पिळला की मोटर जवळजवळ जागेवर आणि वीज पूर्ण मर्यादेला. कंट्रोलर जळतात ते बहुधा अशा वेळी. लातूरच्या गंजगोलाईच्या गर्दीत थांबत-निघत जाणाऱ्याला हे दिवसभर घडतं. हळू वेग धरण्याची सोय कंट्रोलरमध्ये असेल तर ती चालू करा, आणि थांबण्याआधी गिअर खाली आणायची सवय लावा. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी मोटरीच्या रिक्षाबरोबर गिअरची सुधारित पायरिक्षाही बनवली होती. त्या दोन्हींवरचा त्यांचा लेख २००२ साली ‘करंट सायन्स’मध्ये आला. मोटर आल्यावर गिअर कशाला, असं विचारणाऱ्याला मी त्या पायरिक्षाची आठवण करून देतो: जागेवरून निघताना गिअर पायांनाही लागतो आणि मोटरीलाही.

गिअर बदलताना मोटर ओढत असेल तर चेन दोन चकत्यांच्या मधोमध अडकून पिळवटते. गिअर सेन्सर घेतला तर तो क्षणभर वीज तोडतो. नाही घेतला तर ब्रेकच्या दांडीतला कटऑफ आहेच: दांडी जेमतेम हलवायची, ब्रेक लागण्याआधी मोटर बंद, गिअर टाकायचा, दांडी सोडायची. बोटाला हे एकदा समजलं की आपोआप होतं.

६. कंट्रोलरचा कमी व्होल्टचा कटऑफ बॅटरीशी जुळवा. ४८ व्होल्टची लिथियम बॅटरी पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्ट दाखवते. तिला ३६चा कंट्रोलर लावायचा मोह धरू नका: भरल्यावर तिचे व्होल्ट त्याला जास्त होतात आणि त्याचा कटऑफ तिच्यासाठी फार खाली असतो.

७. आपलं हवामान विसरू नका. मे महिन्यात पारा चाळिशीपार, त्यात कंट्रोलर सीटखालच्या रेक्झिनच्या पिशवीत कोंबलेला. पाणी लागू नये म्हणून कोंबतात, हे समजतं; पण पाठीची ॲल्युमिनियमची बाजू वाऱ्याला उघडी आणि कनेक्टरची तोंडं खाली, एवढं केलं तरी दोन्ही साधतं. मोटरीच्या पोटातच कंट्रोलर असेल तर उन्हात उभी केलेली सायकल काढून लगेच चढाला लावू नका.

पावसाळ्यात शेतरस्त्याची काळी माती चेनीत बसते आणि वाळली की दगड होते. तिच्यावर तेल मारणं म्हणजे घासायचा लेप तयार करणं. आधी ब्रश आणि रॉकेल किंवा डिझेल, मग कोरडं फडकं, मग प्रत्येक रोलरवर एक थेंब, आणि वरचं तेल परत पुसून टाकायचं. जळकं इंजिन ऑइल नको, त्यात धातूचा कीस असतो.

८. नांदेडहून लोहा, अहमदपूरमार्गे लातूरला सायकलनं जायचं असेल तर गोदाकाठावरून बालाघाटाच्या पठारावर चढायचं आहे, आणि पावसाळ्यात नैऋत्येचा वारा समोरून. बॅटरीचा अंदाज परतीच्या वाटेवरून बांधू नका. पिशवीत तुमच्याच चेनीच्या मापाची दोन लॉक, चेन तोडायचं हत्यार आणि एक फ्यूज ठेवा. सात गिअरच्या चेनीचं लॉक अकराच्या चेनीला बसत नाही. चेन तुटलीच तर मोडकी कडी काढून ती तेवढी आखूड जोडता येते, फक्त मग मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर गिअर टाकायचा नाही.