गाडीत काय घालायचं नाही

पोरी, कचऱ्याची गाडी दाराशी आली की घरातलं सगळं तिच्यात रिकामं करायची घाई करू नकोस. पुण्यात तुझ्या आईकडे ते चालत होतं. तिथे परस नाही, शेळी नाही, खड्डा खणायला हातभर माती नाही. इथे सगळं आहे. जे माती खात नाही, जनावर खात नाही आणि भंगारवाला घेत नाही, तेवढ्यासाठीच इथली गाडी. हे सांभाळलंस तर आपल्या घरातून आठवड्याला जेमतेम एक पिशवी निघेल.

पंचायतीने हिरवी आणि निळी अशा दोन बादल्या दिल्यात, ओल्याला एक आणि सुक्याला एक. निम्म्या गावाने त्यांत शेंगदाणे भरून ठेवलेत, ते असो. आपली हिरवी बादली ओट्याखाली राहू दे, पण ती रिकामी होईल परसात. भाजीची देठं शेळीपुढे टाक. शिळी भाकरी मात्र तुकडाभरच घाल, जास्त झाली की तिचं पोट फुगतं. कांद्याची टरफलं, चहाचा चोथा, अंड्याची कवचं खड्ड्यात. खड्डे दोन हवेत, शेजारी शेजारी. एक भरला की माती टाकून मिटव आणि दुसऱ्याला लाग, तोवर पहिल्यात खत तयार होतं. वास यायला लागला तर ओल जास्त झाली असं समज आणि पालापाचोळा किंवा उसाचं पाचट घाल. कोरडं पडून कुजत नसेल तर ताकाचं भांडं विसळलेलं पाणी शिंपड. मटणाची हाडं खोल पुरायची, नाहीतर रात्री कुत्री सगळं उकरून ठेवतात. घरात गोठा असेल त्यांनी पुसदच्या नाडेप काका पांढरीपांड्यांनी दाखवलेला भोकाभोकांच्या विटांचा हौद बांधावा. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच. पाला, शेणकाला, माती असे थर द्यायचे आणि वरून शेणमातीने लिंपायचं. तीन-चार महिन्यांत खत होतं. आपल्याला एका शेळीवर एवढं नको.

आता उकिरड्याबद्दल. आमच्या सासूबाईंच्या वेळी उकिरड्यात काय टाकावं हे कुणी कुणाला शिकवलं नाही, कारण घरात न कुजणारं असं काही नव्हतंच. हल्ली त्याच उकिरड्यात गुटख्याच्या पुड्या आणि वेफर्सची पाकिटं पडतात आणि शेणाबरोबर रानात जातात. म्हणून शेणखताची ट्रॉली विकत घेताना नुसतं वरून पाहू नकोस, मधे फावडं घालून बघ. चकचकीत काही निघालं तर भाव पाडू नकोस, ट्रॉलीच परत पाठव. ते तुकडे पुढे रानातून वेचून निघत नाहीत.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, चीर द्यायची आणि टोक पिशवीलाच लोंबत ठेवायचं. तो नखाएवढा तुकडा ना भंगारवाला उचलतो, ना शेडवर कचरा निवडणाऱ्या बायका. तो गटारात नाहीतर जनावराच्या पोटात जातो, आणि गाईच्या पोटात गेलेलं प्लास्टिक बाहेर पडत नाही, तिथेच साठत राहतं. पिशवी विसळून दोरीवर वाळत घाल. कोरड्या पिशव्या भंगारवाला घेतो, आंबलेल्या वासाच्या घेत नाही. पुठ्ठ्याचंही तेच. खोकी उलगडून कोरड्या जागी ठेव, पावसात भिजलेला पुठ्ठा कुणी घेत नाही. वेफर्सचं पाकीट कितीही धुतलं तरी भंगारवाल्याच्या कामाचं नसतं, ते गाडीलाच द्यायचं.

आणि बंब पेटवायला प्लास्टिक घालायचं नाही. शेजारीपाजारी घालतात, लवकर पेटतं म्हणतात. त्याचा धूर लेकरांच्या छातीत जातो. नारळाची किशी, वाळल्या काटक्या, गोवरीचा तुकडा, एवढ्यावर बंब पेटतो. गाडी दोन दिवस आली नाही म्हणून परसात ढीग पेटवणाऱ्यांनाही मी तोंडावर बोलते. तूही बोल, पण थोरल्यांना जरा गोड शब्दांत.

हे सांगायला संकोच नको. महिन्याचे पॅड संडासात टाकायचे नाहीत. आपलं शौचालय दोन शोषखड्ड्यांचं आहे. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा आणि भरलेला वर्षभर झाकून ठेवायचा, मग आतल्या मैल्याचं वास नसलेलं खत होतं. पॅड, डायपर, शॅम्पूच्या पुड्या आत गेल्या की ते खत काही होत नाही आणि खड्डा तुंबतो तो वेगळाच. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल टिपका काढ आणि वेगळी पिशवी दे. ही रीत पुण्यातल्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक बायकांकडून आली. टिपका पाहिला की शेडवरची बाई ती पुडी उघडत नाही. आता तर १ एप्रिल २०२६पासूनच्या घनकचरा नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार वेगळे भाग घरातच करायला सांगितलेत. बादल्या दोनच मिळाल्यात, म्हणून उरलेल्या दोन भागांसाठी जुन्या पिशव्या खिळ्याला अडकव.

विशेष काळजीचा म्हणजे जुने सेल, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधं. तुझ्या सासऱ्यांच्या इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकत जा, बरणी भरली की झाकण घट्ट लावून उपकेंद्रातल्या ताईंना विचार, कुठे द्यायची ते त्या सांगतील. फुटलेली काच कागदाच्या जाड घडीत बांध आणि देताना तोंडाने सांग, ‘काच आहे.’ औषधफवारणीच्या बाटल्यांना तर मी घरात पाऊलही ठेवू देत नाही. रिकामी झाली की तीनदा विसळायची, विसळलेलं पाणी पंपातच ओतायचं, मग बाटलीला भोकं पाडायची. भोक पाडलं नाही तर कुणीतरी तिच्यात तेल भरून आणतं. ओढ्यावर किंवा विहिरीवर ती धुवायची नाही, घरचे पुरुष कितीही म्हणोत.

पावसाळ्यात करवंट्या पालथ्या घाल. डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून वाढ आठ-दहा दिवसांत पुरी होते, म्हणून आठवड्यातून एकदा रांजण, कुंड्यांच्या ताटल्या रिकाम्या करून घासून काढायच्या. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. छपरावरचा टायर काढून टाक, तिथे तो शोभेलाही नाही.

स्वच्छता कर भरताना कुरकुर करू नकोस. मी पंचायतीत होते, हिशोब माहीत आहे. स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजार वस्तीपर्यंतच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपयांपर्यंत निधी ठरला होता. त्यात शेड, खड्डे आणि गाडी बसवायची. रोजची मजुरी आणि डिझेल गावानेच उभं करायचं. २००० साली आबांनी, म्हणजे आर. आर. पाटलांनी, गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं तेव्हा खराट्याने गाव लख्ख होत होतं. आता खराटा मारून प्लास्टिक वेशीबाहेर ढकललं तर वारा संध्याकाळी ते परत आणतो.

गाडीबरोबर येणारी बाई वयाने तुझ्याहून मोठी आहे, तिला मावशी म्हण. पिशवी हातात दे, लांबून फेकू नकोस. ऊन असेल तर पाण्याचा तांब्या पुढे कर.

जत्रेच्या पंगतीला चंदेरी पत्रावळ्या आणू देऊ नकोस. त्या कुजत नाहीत, जळतानाही घाण वास सोडतात. पळसाच्या पत्रावळ्या आधी सांगून ठेवल्या तर मिळतात. गणपतीच्या हारांतला दोरा आणि जरी काढून मगच निर्माल्य खड्ड्यात टाक. आणि माळ्यावरची ती जुनी गादी काढायची असेल तर गाडीवाल्याला आदल्या दिवशी सांग, म्हणजे तो ट्रॉलीत जागा ठेवतो.