ऐकण्याची मुभा आणि सांगण्याची चूक

स्कॅनर म्हणजे केवळ ग्रहण करणारा बिनतारी संच. ठरवून दिलेल्या कंप्रता, म्हणजे फ्रिक्वेन्सी, तो एकामागून एक वेगाने तपासत जातो आणि जिथे कोणी बोलत असेल तिथे थांबून ते बोलणे ऐकवतो. अमेरिकेत हा छंद जुना आहे, आणि ज्या शहरांत रस्त्यांवर बारमाही चित्रीकरण चालते, तिथे अनेक हौशी श्रोते चित्रपटाच्या चमूचे वॉकीटॉकीवरील संभाषण आवडीने ऐकतात. न्यूयॉर्कमध्ये तर चित्रीकरणाच्या परवानग्यांसाठी महापौरांचे स्वतंत्र कार्यालय १९६६ पासून असल्याने पडद्यामागील कामाचा हा आवाज तिथल्या नागरिकांच्या अंगवळणी पडलेला आहे.

हे वॉकीटॉकी बहुधा ४५० ते ४७० मेगाहर्ट्‌झ या व्यावसायिक वापराच्या पट्ट्यात चालतात, आणि गावोगाव फिरणाऱ्या कामांसाठी राखलेल्या ४६४.५०० व ४६४.५५० या कंप्रतांवरही चित्रीकरणाचे चमू आढळतात. प्रत्येक चमू आपल्या संचांवर एक उपश्राव्य सूर लावतो, ज्यामुळे त्याच कंप्रतेवरील परक्यांचे बोलणे त्याला ऐकू येत नाही. मात्र हा सूर स्वतःचे कान झाकतो, दुसऱ्याचे झाकत नाही, त्यामुळे संदेश कूटबद्ध नसेल तर स्कॅनरला सारे स्पष्ट ऐकू येते. पहिली वाहिनी सर्वांची असल्याने तिच्यावर मोजकेच बोलायचे आणि लांबणारे बोलणे दुसऱ्या वाहिनीवर न्यायचे, अशी शिस्त असते. ‘लॉक अप’ म्हणजे चित्रीकरण चालू असताना रस्ता रोखून धरणे, ‘फर्स्ट टीम’ म्हणजे मुख्य कलाकार, ‘एबी सिंगर’ म्हणजे दिवसातला शेवटून दुसरा शॉट आणि ‘मार्टिनी’ म्हणजे अखेरचा. ही बोली कळू लागली की, दिग्दर्शकाचे नाव मिरवणाऱ्या कलाकृतीमागे किती अनाम माणसे थंडीवाऱ्यात उभी असतात, हे उमगते, आणि या छंदाचे खरे मोल तेच आहे.

मात्र प्रस्तुत लेखकाच्या हातून याच छंदापायी घडलेली एक चूक सांगणे इथे आवश्यक आहे. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील एका गल्लीत हिवाळ्यात चित्रीकरण चालू असताना ‘फर्स्ट टीम ट्रॅव्हलिंग’, म्हणजे मुख्य कलाकार तळावरून निघाले, हा संदेश आणि पाठोपाठ गाडी चर्चच्या मागच्या दाराशी लावण्याची सूचना लेखकाने ऐकली, आणि शेजाऱ्यांच्या मोबाइलवरील गटात उत्साहाने कळवली. पाऊण तासात त्या दाराशी एवढी गर्दी जमली की रस्ता रोखणे अशक्य झाले. दृश्यात लहान मूल होते, आणि बालकलाकारांच्या कामाचे तास कायद्याने मर्यादित असल्यामुळे ते दृश्य त्या दिवशी सोडून द्यावे लागले. त्यानंतर कोपऱ्यावर उभ्या असलेल्या साहाय्यक मुलीचा आवाज पहिल्या वाहिनीवर आला: ‘सॉरी, माझा कोपरा मला सांभाळता आला नाही.’ चूक कोणाची हे ठाऊक असलेला एकमेव माणूस त्या क्षणी कानात इअरफोन घालून खिडकीत बसला होता, आणि स्कॅनरला बोलण्याचे बटण नसते.

कायद्याची भूमिकाही याच अनुभवाशी जुळणारी आहे. अमेरिकेच्या १९८६ च्या इलेक्ट्रॉनिक संदेश-गोपनीयता कायद्यानुसार, कूटबद्ध नसलेले आणि सर्वसामान्यांना सहज ऐकू येणारे बिनतारी संदेश ऐकणे सामान्यतः गुन्हा ठरत नाही. परंतु १९३४ च्या दळणवळण कायद्यातील कलम ७०५ असे संदेश परस्पर उघड करण्यावर आणि त्यांचा स्वतःच्या लाभासाठी वापर करण्यावर बंधने घालते. ऐकणे आणि पसरवणे यांतली ही रेषा नवख्या श्रोत्याच्या ध्यानात सहसा येत नाही.

म्हणून या छंदात पडणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. कलाकारांचे येणे-जाणे, गाड्यांच्या जागा, कथेचे तपशील आणि विशेषतः मुलांविषयीचे काहीही, घरच्यांपलीकडे बोलू नये, मग ते कितीही निरुपद्रवी वाटो. चित्रीकरणाजवळ इअरफोनशिवाय ऐकू नये, कारण स्कॅनरचा खरखराट ध्वनिमुद्रणात शिरला तर एक टेक वाया जातो. कलाकारांच्या अंगावरील बिनतारी मायक्रोफोनच्या कंप्रता शोधू नयेत. दोन टेकच्या मध्ये माणसे स्वतःशी आणि आपल्या माणसांशी बोलतात, ते कामाचे बोलणे नव्हे. कूटबद्ध संदेश फोडण्याचा प्रयत्न करू नये आणि चमूच्या वाहिनीवर प्रक्षेपण तर कदापि करू नये, कारण स्टंट चालू असताना चुकीचा एक शब्दही जिवावर बेतू शकतो. न्यूयॉर्क राज्यात पोलिसांच्या कंप्रता पकडू शकणारा संच मोटारीत बसवण्यास परवाना लागतो, परवानाधारक हौशी रेडिओचालकांना त्यातून सूट आहे, हेही आधी जाणून घ्यावे.

सुट्टीत मायदेशी येताना हा संच सामानात टाकून गोरेगावच्या चित्रनगरीबाहेर तो लावण्याचा मोह मराठी श्रोत्यांनी विशेष टाळावा. भारतात १९३३ च्या बिनतारी कायद्यापासून असे उपकरण नुसते बाळगण्यावरही परवानगीचे बंधन आहे, आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही तेच तत्त्व पुढे चालवले आहे. तिकडची मुभा इकडे लागू होत नाही.

ज्याला उत्तर देता येत नाही, त्याने ऐकलेल्याची जबाबदारी अधिकच घ्यावी लागते. त्या सायंकाळी क्षमा मागायला लेखक खाली कोपऱ्यापर्यंत गेला, तेव्हा चमू सामान आवरून निघून गेला होता आणि रस्ता मोकळा झाला होता.