अत्यंत अकाली जन्मलेली बालके व स्वमग्नता : स्थानिक वैद्याचे कर्तव्य

प्रस्तावना : गर्भावस्थेचे २८ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बालक हे अत्यंत अकाली जन्मलेले मानले जाते. चरकसंहितेच्या शारीरस्थानात आठव्या मासात ओज अस्थिर असल्याचे सांगून त्या काळातील प्रसव संकटाचा मानला आहे. त्याहूनही अगोदर जन्मलेली बालके आज नवजात अतिदक्षता विभागामुळे जगतात. त्यामुळे त्यांच्या पुढील विकासाचा विचार करणे कौमारभृत्याचे अंग ठरते.

धोक्याचे प्रमाण : स्वीडनमध्ये १९७३ ते २०१३ या काळात जन्मलेल्या ४० लाखांहून अधिक बालकांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण दिवसांच्या बालकांत स्वमग्नता १.४ टक्के, तर २२ ते २७ आठवड्यांत जन्मलेल्यांत ६.१ टक्के आढळली. धोका चौपटीहून अधिक आहे. तथापि शंभरांतील नव्वदाहून अधिक बालके स्वमग्न नसतात, हेही पालकांस सांगावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९८७ ते १९८९ मधील कमी वजनाच्या नवजात बालकांचा अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. त्यांचा बुद्ध्यंक तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळला. अर्थात, रुग्णालयातून घरी सोडले म्हणजे धोका संपला असे नव्हे.

परीक्षण : नेरळ, कर्जत, खालापूर परिसरातील कुटुंब शहरातील रुग्णालयातून परतल्यावर सर्दी-खोकल्यासाठी जवळच्या वैद्याकडेच येते. तेव्हा जन्म कितव्या आठवड्यात झाला हे अवश्य विचारून नोंदवावे. दोन वर्षांपर्यंत सुधारित वय धरावे. २७ आठवड्यांत जन्मलेल्या दीड वर्षाच्या बालकाचे सुधारित वय सुमारे १५ महिने होते. नावाने हाक मारता न पाहणे, बोट दाखवून वस्तू न दर्शविणे, नजर न मिळविणे, आलेले शब्द गमावणे ही लक्षणे पाहावीत. दृष्टी व श्रवण यांची तपासणी आधी व्हावी, कारण त्यांतील दोषही असेच भासतात. प्रश्नावलीतील संशय म्हणजे निदान नव्हे.

कर्तव्य : "मुलगे उशिराच बोलतात" असे सांगून मौल्यवान महिने दवडू नयेत. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत तपासणी करतात. त्यांच्याकडे अथवा बालविकासतज्ज्ञाकडे चिठ्ठी देऊन पाठवावे. वाचा व वर्तन उपचार लवकर सुरू झाल्यास लाभ होतो. औषधविक्रेत्यांनी स्वमग्नता बरी करणारे म्हणून कोणतेही औषध देऊ नये. शिशे मेंदूस घातक असल्याने अप्रमाणित भस्मे अशा बालकांस मुळीच देऊ नयेत. पहिले सहा महिने घुटीऐवजी मातेचे दूधच द्यावे.

निष्कर्ष : जन्माचा आठवडा विचारणारा एक प्रश्न व वेळेवर दिलेली एक चिठ्ठी, एवढे प्रत्येक वैद्यास साध्य आहे.